राज्यनिर्मितीचे कागद : जतन आणि प्रदर्शनाचा खर्च (बेळगाव सीमाभाग)

राज्य ज्या कागदांवर उभं असतं ते कागद टिकवायला आणि लोकांना नीट बघता येतील असे मांडायला जो पैसा, जी माणसं आणि जी जागा लागते, त्या खर्चाची ही नोंद. आपल्याकडं राज्यांना स्वतःची वेगळी घटना नसते, त्यामुळं राज्याचा जन्मदाखला म्हणजे संसदेचा कायदा. आजच्या कर्नाटकाचा १९५६ चा राज्य पुनर्रचना कायदा, महाराष्ट्राचा १९६० चा मुंबई पुनर्रचना कायदा. बेळगावकरांचा सगळा मामला पहिल्या कायद्याच्या कलम ७ मधल्या एका ओळीत आहे, चंदगड तालुका सोडून बाकीचा बेळगाव जिल्हा नव्या म्हैसूर राज्यात, आणि ती ओळ १ नोव्हेंबर १९५६ ला लागू झाली. चंदगड आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे, बेळगावातून निघालं की शिनोळीला महाराष्ट्र सुरू होतो.

कायद्याची छापील प्रत राजपत्रात आहे, ती कुठंही मिळते, तिची काळजी नाही. पण सीमाभागात राज्यनिर्मितीचे कागद म्हटलं की त्यात बरंच काही येतं. १९५१ च्या जनगणनेतले भाषेचे आकडे, मराठी शाळांची जनरल रजिस्टरं, जमिनीचे जुने उतारे, ग्रामपंचायतींचे ठराव, सीमावाद सोडवायला केंद्रानं १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाला दिलेली निवेदनं, मोर्च्यांची हँडबिलं. सीमाभागातली मराठी गावं आपल्याला मिळावीत ही महाराष्ट्राची मागणी खेडं हा घटक, सलगता आणि भाषिक बहुसंख्या यावर उभी आहे आणि २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे, म्हणजे एकेका गावात कोणती भाषा चालायची हे दाखवणारा कागद हाच इथला मूळ दस्तऐवज. आणि तो कुठं असतो तर शाळेच्या कपाटात, नाहीतर कुणाच्या तरी माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत.

आधी दिल्लीचं बघू. भारताच्या घटनेची हस्तलिखित मूळ प्रत संसदेच्या ग्रंथालयात आहे, इंग्रजी अक्षर प्रेमबिहारी नारायण रायजादांचं, हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्यांनी लिहिलेली, सजावट नंदलाल बोस आणि शांतिनिकेतनच्या कलाकारांची. १९९४ मध्ये अमेरिकेतली गेटी कॉन्झर्वेशन इन्स्टिट्यूट आणि दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांनी मिळून त्यासाठी हवाबंद पेट्या केल्या. आत नायट्रोजन, ऑक्सिजन जवळजवळ नाहीच, आणि बाहेरच्या तापमानानं आतला वायू फुगला-आकसला तर पेटीवर ताण येऊ नये म्हणून चक्क भात्यासारखी रचना. ही पेटी बनवायला महाग, पण एकदा नीट बंद झाली की तिला रोज वीज लागत नाही, लाईट गेली तरी आतला कागद सुरक्षित. मला यातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याकडच्या जतनाचं गणित चुकतं ते नेमकं इथं.

अमेरिकेत पैशाचा अंदाज वेगळाच. मॅग्ना कार्टा म्हणजे इंग्लंडच्या राजाची जुनी हक्कांची सनद, तिची १२९७ ची एक प्रत डेव्हिड रुबेनस्टाइन या उद्योगपतीनं २००७ मध्ये २ कोटी १३ लाख डॉलरला घेतली आणि वॉशिंग्टनच्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये लोकांना बघायला ठेवली. तिथल्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला १९५२ मध्ये हेलियमची पेटी केली होती, पन्नास वर्षांनी ती बदलून अरगॉनची केली. म्हणजे पेटीसुद्धा कायमची नसते, पिढी-दोन पिढ्यांनी पुन्हा खर्च आहेच.

आता बेळगावात या. इथं कागदाचा पहिला शत्रू पाऊस. खानापूर तालुक्यात कणकुंबी, जांबोटीकडं जून ते सप्टेंबर भिंतींना पाणी सुटतं, चपलांवर बुरशी येते तिथं कागदाचं काय घेऊन बसलाय. हवेतला ओलावा साधारण ५० टक्क्यांच्या आसपास हवा आणि मुख्य म्हणजे तो सतत वरखाली होऊ नये. एसी ऑफिसच्या वेळेत चालू आणि संध्याकाळी बंद, असं केलं तर कागद रोज फुगतो रोज आकसतो, त्यापेक्षा जाड भिंतीची, वारा खेळणारी जुनी खोली बरी. एसी आणि डिह्युमिडिफायर घ्यायला देणगी मिळते, फोटो निघतो, चोवीस तासांचं वीजबिल आणि दर आठवड्याला कपाट उघडून बघणाऱ्या माणसाचा पगार द्यायला कोणी पुढं येत नाही. जतनाचा खरा खर्च हाच, दरवर्षी येणारा.

दुसरी गोष्ट ऐकून लोकांना खोटी वाटते, पण जुना कागद जास्त टिकतो. पेशवाईतला मोडी कागद हातानं केलेला, शाई काजळाची, ती कागदाला खात नाही, म्हणून पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालात बांधलेले कागद आजही वाचता येतात. उलट १९४० ते ६० मधला कागद गिरणीतला, लाकडाच्या लगद्याचा, त्यात आम्ल, तो आतूनच जळत पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. म्हणजे १९४६ च्या बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला तेव्हापासून महाजन आयोगापर्यंतचे जे कागद आपल्याला सगळ्यात जास्त लागणार आहेत तेच सगळ्यात आधी मरणार आहेत. त्यावर उपाय आहेत, चुन्याच्या सौम्य द्रावणानं आम्ल घालवणं, पातळ जपानी टिश्यू गव्हाच्या खळीनं चिकटवणं, पण हे हातकाम आहे, शिकलेला माणूस लागतो आणि दिवसाला मोजकीच पानं होतात. लोक मात्र प्रेमापोटी झेरॉक्सच्या दुकानात नेऊन लॅमिनेशन करून आणतात. कृपा करून करू नका. आम्ल आतच अडकतं, प्लॅस्टिक पुन्हा काढता येत नाही. आमच्या घरी आजोबांचा एक उतारा असाच गेला, अक्षर आता तपकिरी डागात बुडालंय, आणि करणाऱ्यानं चांगल्याच हेतूनं केलं होतं.

सरकारी पैसा आहे का? आहे, आणि वाढलाही. राष्ट्रीय पांडुलिपी मिशन २००३ मध्ये सुरू झालं, २०२५-२६ च्या बजेटमध्ये ज्ञानभारतम् मिशनची घोषणा झाली आणि तरतूद साडेतीन कोटींवरून ६० कोटींवर गेली. पण पांडुलिपी म्हणजे किमान ७५ वर्षं जुनं हस्तलिखित, छापील चालत नाही आणि महसुली कागद त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणजे पोथीला पैसा आहे, गावच्या उताऱ्याला आणि हँडबिलाला त्यातून नाही. अभिलेखागाराकडं जावं तर जुना मुंबई इलाखा म्हणून निम्मे कागद मुंबई-पुण्याला, पुढचे बंगळूरला, दोन राज्यांच्या मधे पडलेला हा भाग कागदांतही तसाच विभागलेला आहे.

स्कॅनिंग स्वस्त पडतं म्हणून सगळे तिकडं वळतात. कर्नाटकानं भूमी प्रकल्पात उतारे केव्हाच कॉम्प्युटरवर आणले, ते चांगलंच झालं, पण तो चालू नोंदींचा डेटा, जुन्या पानावरचं मराठी अक्षर नव्हे. आणि कोर्टात मूळ कागदाचं वजन वेगळं, ३० वर्षांपेक्षा जुना आणि योग्य ताब्यातून आलेला असेल तर कायदा त्याच्या खरेपणाबद्दल अनुकूल गृहीत धरू शकतो. ताबा हा शब्द महत्त्वाचा. कागद कोणाकडून कोणाकडं आला याची साधी वही ठेवायला पैसे लागत नाहीत, पण ती क्वचितच कोणी ठेवतं.

प्रदर्शनाचा खर्च जतनापेक्षा वेगळा आणि बऱ्याचदा त्याच्या विरोधात जाणारा. उजेड साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं माप) वर नको, म्हणजे नुसता मंद, आणि मूळ कागद काही महिने दाखवून पुन्हा अंधारात ठेवायचा, मधल्या काळात चांगली प्रतिकृती लावायची. १७ जानेवारीला, सीमालढ्यात गेलेल्यांच्या हुतात्मा दिनी, मूळ कागद उन्हात फ्लेक्सवर टाचण्या मारून लावलेले बघितले की जीव कासावीस होतो. तिथं प्रतिकृती लावा, लोकांच्या डोळ्यांत पाणी तेवढंच येईल.

आणि याच मातीतलं एक उदाहरण. खानापूर तालुक्यातल्या हलशीला, म्हणजे जुन्या पलाशिकेला, कदंब राजांचे दानाचे ताम्रपट सापडले, मृगेशवर्मा, रविवर्मा यांच्या काळातले, दीड हजार वर्षं जुने. पत्रे तांब्याचे, कड्यात ओवलेले, पाऊस याच गावचा, तरी टिकले. बेळगावचे रट्ट राजांच्या काळातले १२०४ चे दोन शिलालेख मात्र आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, ते बघायचे तर विमानाचं तिकीट काढावं लागतं.