पलायनकथांतील निसटते स्वातंत्र्य

अमेरिकेतील गुलामगिरीवरच्या कादंबऱ्यांत वारंवार येणारे एक आशयसूत्र. मळ्यावरून पळालेले पात्र नदी ओलांडते, उत्तरेच्या ‘मुक्त’, म्हणजे गुलामगिरीला बंदी असलेल्या, राज्यात पाऊल ठेवते आणि तरीही मोकळे होत नाही. पाठलाग हा या कथांचा वरवरचा भाग झाला. खरा पेच पाठलाग थांबल्यावर सुरू होतो.

या सूत्राचे मूळ लेखकांच्या कल्पनेइतकेच कायद्यातही आहे. अमेरिकी काँग्रेसने 1850 मध्ये फरारी गुलामांविषयीचा कायदा कडक केला. पळालेला माणूस मुक्त राज्यात सापडला, तरी मालकाला त्याच्यावर हक्क सांगता येई. पकडलेल्याला स्वतःची साक्ष देता येत नसे, ज्यूरीही मिळत नसे. निवाडा करणाऱ्या आयुक्ताला, माणूस मालकाच्या हवाली केला तर दहा डॉलर आणि सोडून दिला तर पाच डॉलर मिळत. अशा देशात गुलामगिरीच्या आणि मुक्त राज्यांमधून वाहणाऱ्या ओहायो नदीचा उत्तर काठ हा मुक्काम ठरणे शक्यच नव्हते. कॅनडा ब्रिटिश अमलाखाली होता आणि ब्रिटिश कायद्याने 1834 पासून तिथे गुलामगिरी बंद होती, म्हणून पळणाऱ्यांची वाट आणखी उत्तरेकडे लांबली.

या कायद्याचा चटका खुद्द एका कादंबरीकाराला बसला. विल्यम वेल्स ब्राउन हा केंटकीत जन्मलेला गुलाम 1834 मध्ये पळाला, पुढे व्याख्याने देऊ लागला आणि इंग्लंडला गेला. नवा कायदा आल्यावर परतणे धोक्याचे झाले. ‘क्लोटेल’ ही आफ्रिकी-अमेरिकी लेखकाची पहिली मानली जाणारी कादंबरी 1853 मध्ये लंडनमध्ये छापली गेली, तेव्हा तिचा कर्ता कायद्याच्या लेखी अजून कुणाची तरी मालमत्ता होता. पुढच्या वर्षी मित्रांनी पैसे भरून त्याला सोडवले. त्याची नायिका गोऱ्या पुरुषाच्या वेशात निसटते, पण मुलीसाठी दक्षिणेत परतते आणि सापडते. वॉशिंग्टनच्या तुरुंगातून पुन्हा पळते, तेव्हा पुलाच्या दोन्ही टोकांना माणसे उभी असतात. राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान नजरेच्या टप्प्यात असताना ती पोटोमॅक नदीत उडी घेते.

हॅरिएट बीचर स्टो यांच्या ‘अंकल टॉम्स केबिन’मधली (1852) एलायझा मुलाला कवटाळून ओहायोतल्या तरंगत्या बर्फाच्या लाद्यांवरून उड्या मारत पलीकडे जाते. हा प्रसंग नाटकांनी आणि चित्रांनी इतका गाजवला, की तिच्या कुटुंबाचे पुढे काय होते ते फारसे कुणाच्या लक्षात राहत नाही. ते कॅनडा, फ्रान्स करत शेवटी आफ्रिकेतल्या लायबेरियाकडे निघते. मुक्त झालेल्या कुटुंबाला अमेरिकेत घर देणे लेखिकेला जमले नाही, असे म्हणावे लागते. या शेवटावर त्या काळीही टीका झाली. मार्क ट्वेनच्या ‘हकलबेरी फिन’मध्ये नदी उलटा डाव टाकते. पळालेल्या गुलाम जिमला कैरो गावी उतरून ओहायो नदीने वर जायचे असते, पण धुक्यात कैरो मागे पडते आणि तराफा त्याला दक्षिणेत खोलवर नेत राहतो. मालकिणीने मृत्युपत्रात त्याला दोन महिन्यांपूर्वीच मुक्त केले होते, हे शेवटी कळते. हकचा मित्र टॉम सॉयर याला ते ठाऊक असूनही तो सुटकेचा खेळ मांडतो. ही प्रकरणे आज हसत वाचणे कठीण आहे.

सूत्राला सर्वांत खोल नेले टोनी मॉरिसन यांनी. ‘बिलव्हड’च्या (1987) मुळाशी मार्गारेट गार्नरची हकीकत आहे. जानेवारी 1856 मध्ये ती कुटुंबासह गोठलेली ओहायो ओलांडून सिनसिनाटीत पोहोचली; पकडणारे दारात आले तेव्हा तिने आपल्या लहान मुलीला ठार केले. कादंबरीतल्या सेथला मोकळेपणाचे अठ्ठावीस दिवस मिळतात. तेवढ्यात ती शेजारणींना ओळखू लागते, आज काय करायचे हे सकाळी उठून स्वतः ठरवू लागते. मग तिला पकडायला चार घोडेस्वार येतात. अठरा वर्षांनी गुलामगिरी कायद्याने संपलेली असते, पण सेथच्या 124 क्रमांकाच्या घरात तिनेच मारलेले मूल नांदत असते.

तिच्या सासूचा, बेबी सग्जचा प्रसंग त्याहून शांत आहे. मुलाने रविवारी जादा राबून तिला विकत घेऊन सोडवलेले असते. साठी ओलांडलेली, कंबरेत अधू झालेली ही बाई नदी ओलांडते आणि एकाएकी आपल्या हातांकडे बघते: हे हात माझे आहेत. मग छातीत काहीतरी धडधडते. हे आधीपासूनच होते का, असा तिला प्रश्न पडतो आणि ती हसू लागते. स्वातंत्र्य हाती येते ते असे, आयुष्य सरत आल्यावर.

महाराष्ट्रात हा विषय लवकर पोहोचला, तो मात्र कादंबरीच्या वाटेने नव्हे. जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (1873) हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना अर्पण केले. अर्पणपत्रिकेतली अमेरिका काम तडीस नेलेली आहे; कादंबऱ्यांतली तशी नाही.

ऑक्टेव्हिया बटलर यांच्या ‘किंड्रेड’मध्ये (1979) पळण्याची दिशाच बदलते. 1976 मधली कॅलिफोर्नियाची डेना पुन्हा पुन्हा गुलामगिरीच्या काळातल्या मेरिलँडमध्ये ओढली जाते आणि शेवटी परतते ती एक हात गमावून. त्याच कथेतली ॲलिस जन्माने मुक्त असते; पळणाऱ्या नवऱ्याला साथ दिली म्हणून ती गुलाम होते.

कोल्सन व्हाइटहेड यांच्या ‘द अंडरग्राउंड रेलरोड’ने (2016) पळणाऱ्या गुलामांना मिळणाऱ्या गुप्त मदतीच्या जाळ्याचे रूपकात्मक नाव शब्दशः घेतले: जमिनीखाली खरेच रूळ, खरेच इंजिन. मळ्यावरून पळालेली कोरा दक्षिण कॅरोलायनात उतरते तेव्हा तिथे वसतिगृह, शाळा, पगार सगळे असते. पण तिचे काम संग्रहालयात काचेमागे उभे राहून गुलामाची भूमिका करण्याचे आणि दवाखान्यातले डॉक्टर काळ्या बायकांची नसबंदी करू पाहणारे. उत्तर कॅरोलायनात तर ती माळ्यावर महिनोन्‌महिने अंग आखडून लपते.

आई मेबल आपल्याला टाकून उत्तरेला गेली, या रागावर कोरा जगते. गुलाम पकडणारा रिजवेही मेबलला शोधून थकलेला असतो. वाचकाला शेवटाकडे कळते, की मेबल पळाली त्याच रात्री दलदलीत थोडा वेळ पाठीवर पडून राहिली होती, सोबत आणलेला सलगम खात. मग मुलीकडे परतायला वळली आणि वाटेत साप चावला.