आपल्याकडं पाऊस नाही, मग पूर कसला?

"सोलापूर दुष्काळी जिल्हा. इथं अतिवृष्टी झाली तरच पूर, नाहीतर काळजी नको." पारावरचं हे जुनं वाक्य आता व्हॉट्सअ‍ॅपवरही फिरतं. ते साफ चुकीचं आहे आणि नदीकाठच्या माणसाला महागात पडणारं आहे.

२४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की महसूल दप्तरी अतिवृष्टीची नोंद होते. ती नोंद पावसाची, पुराची नव्हे. जूनच्या सुरुवातीला आपल्या काळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा असतात. तेव्हा एवढा पाऊस पडला तरी बराचसा जिरतो, ओढा जेमतेम वाहतो. तोच पाऊस सप्टेंबरअखेरीस, हस्त नक्षत्रात पडला तर? भेगा मिटलेल्या, चिकण माती फुगलेली, बंधारे आणि पाझर तलाव तुडुंब. मग सगळं पाणी ओढ्याला!

उलटही घडतं. पंढरपुरात कडक ऊन असतं आणि चंद्रभागा घाटाच्या पायऱ्या चढत असते. चंद्रभागा म्हणजे भीमाच, आणि भीमेचं पाणी पुणे जिल्ह्यातल्या घाटमाथ्यावरून येतं. तिच्यावरचं उजनी धरण भरलेलं असेल तर विसर्ग सोडावाच लागतो, त्यात नरसिंहपूरला नीरा नदी येऊन मिळते. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीनं माढा, मोहोळकडची गावं वेढली, तेव्हाही बरंच पाणी अहिल्यानगर आणि धाराशिवकडून आलं होतं.

शहराची तऱ्हा निराळी. नाला अरुंद झाला असेल तर तासाभराची जोरदार सरही घरात पाणी घालते.

म्हणून भीमाकाठच्यांनी गावच्या पावसाआधी उजनी किती टक्के भरलंय आणि नीरेवरच्या वीर धरणातून किती क्युसेक सोडलंय, हे विचारावं.