सोसायटीतल्या योगवर्गाची वंशावळ : आळंदी, लोणावळा आणि मॉडेल कॉलनी

पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या क्लबहाउसमधला सकाळचा योगवर्ग घ्या. आधी ओंकार, मग बारा सूर्यनमस्कार. मग त्रिकोणासन, वीरभद्रासन, आणि गुडघे कुरकुरणाऱ्यांसाठी भिंतीलगत खुर्च्या. त्यानंतर कपालभाती, अनुलोम-विलोम, आणि शेवटची पाच मिनिटं डोळे मिटून "नुसतं श्वासाकडे बघा". शिकवणाऱ्या मॅडम या सगळ्याला मिळून "आपली पाच हजार वर्षांची परंपरा" म्हणतात. तेही बिनदिक्कत.

प्रत्यक्षात या तासाभरातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट वेगळ्या घरातून आली आहे. काहींचं मूळ खरोखर जुनं आहे. पण ती एका खोलीत, एका तासात, बायका-पुरुषांना एकत्र आणि फी घेऊन शिकवायची, ही रीत फार तर शंभर वर्षांची. ती घडवण्यात पुणे आणि आसपासच्या टापूचा वाटा किती मोठा आहे, हे पुणेकरांनाच फारसं ठाऊक नसतं. एरवी पुण्याने काय काय केलं हे सांगायला आपण कधी मागे हटत नाही, म्हणून याचं जास्तच नवल.

सुरुवात आळंदीच्या ज्ञानेश्वरांपासून करावी लागते. १२९० मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योगाभ्यासाचं जे वर्णन येतं, तेवढं तपशीलवार मराठीत त्याआधीचं सापडणं कठीण. आसनाची जागा कशी असावी, मूलबंध, जालंधर बंध आणि उड्डियान हे गुदद्वार, गळा आणि पोट आवळून धरायचे बंध कसे लागतात, कुंकवात न्हालेल्या नागाच्या पिलासारखी वेटोळं घालून निजलेली कुंडलिनी कशी जागी होते, हे सगळं तिथे आहे. या मार्गाला ज्ञानेश्वरांनी पंथराज म्हटलं. गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ अशी त्यांची नाथपंथी गुरुपरंपरा. तेव्हा हा अभ्यास त्यांच्या घरचाच. पण पुढे वारकऱ्यांनी उचललं ते नाम, हा पंथराज नव्हे. तो गुरूकडून शिष्याकडे, आडोशाने जात राहिला. संसारी माणसाला त्याचं आकर्षण कमी आणि धास्तीच जास्त होती. प्राणायाम चुकला तर माणसाच्या डोक्यावर परिणाम होतो, असं आमच्या आजीच्या पिढीतले लोक अगदी गंभीर चेहऱ्याने सांगायचे.

शरीर कमवायचं ते तालमीत. जोर, बैठका, मल्लखांब, कुस्ती. १९०६ मध्ये डेक्कन जिमखाना निघाला, १९२४ मध्ये कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी महाराष्ट्रीय मंडळ काढलं. पारतंत्र्यात पोरांची अंगं घडली पाहिजेत, ही त्या काळची तळमळ. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे कट्टर प्रचारक. त्यांच्या संस्थानातल्या शाळांमध्ये नमस्कार सक्तीचे होते. मात्र तेव्हा सूर्यनमस्काराला कोणी योगासन म्हणत नसे. तो व्यायाम होता, आणि उपासना.

त्याच १९२४ च्या ऑक्टोबरात लोणावळ्याला एक वेगळाच उद्योग सुरू झाला. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे पुढचे स्वामी कुवलयानंद, यांनी कैवल्यधाम स्थापन केलं. बडोद्याला जुम्मादादा व्यायामशाळेच्या माणिकरावांकडे त्यांचा पिंड पोसला होता. योग शिकले ते नर्मदाकाठी मालसरच्या परमहंस माधवदासांकडे. अमळनेरला शिक्षणकार्य केलेला हा माणूस. देशभक्त, ब्रह्मचारी, आणि डोक्यात एक सरळ प्रश्न : योगी जे सांगतात ते शरीरात खरंच घडतं का, आणि घडत असेल तर मोजता येईल का?

त्यांचा नौलीवरचा प्रयोग मुळातून समजून घेण्यासारखा आहे. हठयोगाच्या ग्रंथांत बस्ती नावाची क्रिया आहे. साधकाने नाभीपर्यंत पाण्यात उकिडवं बसायचं, गुदद्वारात नळी घालायची आणि पाणी आत ओढून घ्यायचं. आता पिचकारी नाही, पंप नाही, मग पाणी वर चढतं कसं? परंपरेचं उत्तर होतं, योगसामर्थ्याने. कुवलयानंदांनी नळीला पाऱ्याचा दाबमापक जोडला आणि अभ्यासकाला पोटाचे स्नायू मध्यभागी उभे काढायला, म्हणजे नौली करायला सांगितलं. पारा सरकला. मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी झाला होता, आणि अशा वेळी पाणी आत खेचलं जाणार हे पाचवी-सहावीतल्या पोरालाही कळेल. या निर्वाताला त्यांनी आपल्या गुरूंचं नाव दिलं, माधवदास निर्वात. चमत्काराची भाषा पाऱ्याच्या नळीत उतरवायची आणि वर गुरूलाच नमस्कार करायचा, ही तऱ्हा मला फार आवडते. असे निष्कर्ष छापायला त्यांनी 'योगमीमांसा' हे त्रैमासिकही त्याच साली सुरू केलं.

दुसरी गोष्ट प्राणायामाची. खोल श्वासाने रक्तात भरपूर प्राणवायू जातो, असं आजही बागेतल्या वर्गात छातीठोकपणे सांगतात. लोणावळ्याच्या प्रयोगांनी हे तेव्हाच मोडीत काढलं होतं. निरोगी माणसाच्या धमन्यांतलं हिमोग्लोबिन साध्या श्वासातही ९५ टक्क्यांहून जास्त प्राणवायूने भरलेलं असतं. त्यात आणखी भरायला जागा कितीशी उरते? भराभर श्वास घेतला तर उलट कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना मुंग्या येतात आणि गरगरतं. संथ, लांबवलेल्या उच्छ्वासाने नाडीचा वेग उतरतो आणि मन निवतं, याचं श्रेय मज्जासंस्थेला जातं. प्राणायामाचा उपयोग त्या बाजूला शोधावा, असं कुवलयानंदांचं म्हणणं होतं. पण प्राणवायूची गोष्ट सांगायला सोपी, म्हणून तीच टिकली.

कैवल्यधामाचं नाव एव्हाना दूरवर गेलं होतं. १९३४ मध्ये म्हैसूरच्या राजवाड्यातले योगशिक्षक तिरुमलाई कृष्णम्माचार्य हे लोणावळ्याची संस्था बघायला निघाले. वाटेत बंगळुरूला थांबून त्यांनी आपल्या किशोरवयीन मेहुण्याला सांगितलं, मी परत येईपर्यंत म्हैसूरला जाऊन बहिणीच्या सोबतीला राहा. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत, आजारी आईच्या पोटी जन्मलेला, लहानपणापासून दुखणाईत असा तो मुलगा सोबतीला म्हणून गेला आणि शिष्य होऊन राहिला. बेल्लूर कृष्णम्माचार सुंदरराज अय्यंगार. तेव्हा लोणावळ्याने अय्यंगारांना काही शिकवलं नाही हे खरं, पण लोणावळा नसतं तर ते म्हैसूरला त्या वेळी पोचलेही नसते.

ते पुण्यात आले १९३७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी. बेळगावला सिव्हिल सर्जन असताना डॉ. व्ही. बी. गोखले यांनी कृष्णम्माचार्यांच्या शिष्यांची प्रात्यक्षिकं पाहिली होती. निवृत्त होऊन पुण्यात आल्यावर त्यांनी डेक्कन जिमखान्यासाठी शिक्षक मागवला. करार सहा महिन्यांचा. या पोराला थोडंफार इंग्रजी येत होतं, म्हणून त्याची पाठवणी झाली. मराठीचा गंध नाही, डोक्यावर शेंडी, समोर कॉलेजची पोरं, आणि त्यातली बरीचशी त्याच्याहून वयाने आणि अंगाने मोठी. करार पुढे लांबत गेला आणि मग संपला. माणूस मात्र पुण्याचाच झाला. डॉक्टर गोखले व्याख्यान देत आणि अय्यंगार शेजारी आसन करून दाखवत, अशा जोडकार्यक्रमांतून स्नायू आणि सांध्यांची भाषा त्यांच्या शिकवण्यात आली, असं मानायला जागा आहे.

पुढचा भाग बहुतेकांना माहीत असतो. १९५२ मध्ये मुंबईत व्हायोलिनवादक यहुदी मेनुहिन भेटले, दोन वर्षांनी युरोपचा दौरा झाला, १९६६ मध्ये लंडनहून अय्यंगारांचं 'लाइट ऑन योग' हे पुस्तक निघालं. मॉडेल कॉलनीतल्या हरेकृष्ण मंदिर रस्त्यावरच्या संस्थेचं भूमिपूजन झालं आणि थोड्याच दिवसांत अय्यंगारांच्या पत्नी रमामणी गेल्या. १९७५ च्या जानेवारीत वास्तू उभी राहिली ती त्यांच्याच नावाने.

माझ्या मते, प्रसिद्धीपेक्षा महत्त्वाचं आहे ते शिकवण्यात झालेलं स्थित्यंतर. त्रिकोणासनात हात जमिनीला लागला की आसन झालं, हे अय्यंगारांना मंजूर नव्हतं. मागच्या पावलाची बाहेरची कड उचलली गेली का, पुढच्या गुडघ्याची वाटी मांडीच्या रेषेत आहे का, वरचा खांदा पुढे लोंबतो का, यावर शिक्षकाची नजर फिरते. हात पोचत नसेल तर खाली वीट ठेवायची. आधी खरीच वीट होती, मग लाकडी ठोकळा आला. भिंतीतले दोर, पट्टे, लोड, पाठीतून फळी काढलेली लोखंडी घडीची खुर्ची, हे सगळं दुखऱ्या, वयस्क, ताठरलेल्या शरीरालाही आसनात जाता यावं म्हणून आलं. ज्याला जमतं त्याचाच योग, ही जुनी अट इथे सुटली. नारायण पेठेतल्या कबीर बागेत अय्यंगारांचेच शिष्य डॉ. करंदीकर यांनी पाठीच्या आणि मणक्याच्या रोग्यांसाठी हीच वाट आणखी पुढे नेली.

याची किंमतही होती. आसन इतकं बारकाईने शिकवायचं ठरल्यावर श्वास आणि ध्यान मागे पडले. अय्यंगारांकडे प्राणायाम उशिरा मिळायचा. पाठीखाली घडी घातलेली घोंगडी घेऊन, आडवं पडून, छाती उघडल्यावरच. छातीच्या दुखण्यातून उठलेल्या माणसाचा तो सावधपणा असावा. ध्यानाची भूक असलेल्या पुणेकरांनी मग दुसरी दारं ठोठावली. एरंडवण्यातल्या वासुदेव निवासात गुळवणी महाराजांची शक्तिपाताची, म्हणजे गुरूने शिष्यातली कुंडलिनी जागवायची, दीक्षा होती. १९७४ मध्ये रजनीश कोरेगाव पार्कात आले आणि दहा मिनिटं बेताल जोरकस श्वसन, दहा मिनिटं आरडाओरडा असं सक्रिय ध्यान सुरू झालं. शहराने नाकं मुरडली आणि कुंपणाबाहेरून डोकावूनही पाहिलं. गोएंका गुरुजींची विपश्यना ब्रह्मदेशातून आली. १९७६ मध्ये इगतपुरीला केंद्र झालं, आणि मग पुण्यात स्वारगेटजवळ आणि आळंदीपासून जवळच मरकळला. तिथे पहिले तीन-साडेतीन दिवस फक्त आनापान : नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास जसा आहे तसा बघायचा, लांबवायचा नाही, रोखायचा नाही. प्राणायामाच्या अगदी उलट शिस्त. सोसायटीच्या वर्गात मात्र अनुलोम-विलोमनंतर लगेच "श्वासाकडे बघा" येतं आणि दोन्हींचा फरक कोणी सांगत नाही.

कपालभाती सगळ्यात उशिरा आली. २००० नंतर टीव्हीवरच्या शिबिरांतून ती सारसबागेपासून तळजाईपर्यंत पसरली. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात तिची जागा प्राणायामात नाही, धौती-नेतीबरोबर शुद्धिक्रियांत आहे. पण वजन उतरवायला निघालेल्याला त्याचं काय!

२० ऑगस्ट २०१४ ला अय्यंगार पुण्यात वारले. त्याच वर्षी ११ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांनी २१ जून हा योगदिन ठरवला. तेव्हापासून दर जूनमध्ये मैदानांवर सतरंज्या अंथरल्या जातात आणि साधारण पाऊण तासाचा सरकारी पाठ होतो. त्यात आसनं आधी, प्राणायाम नंतर, आणि ध्यान शेवटची दोन-चार मिनिटं, तेही आभारप्रदर्शनाला उशीर होत नसेल तर.