‘सापडत नाही’ आणि ‘नष्ट केलंय’ : दोन वेगळ्या गोष्टी, पत्र मात्र एकच

माहिती अधिकारात अर्ज टाकलाय आणि एकोणतिसाव्या-तिसाव्या दिवशी एका ओळीचं पत्र आलंय, "सदर अभिलेख या कार्यालयात उपलब्ध नाही, सबब माहिती पुरविता येत नाही" असं, हे ज्यांनी दोन-चार अर्ज केलेत त्यांना सांगायला नको. बहुतेक जण चार शिव्या घालतात, पत्र पिशवीत टाकतात आणि गप्प बसतात. मी पण पहिल्यांदा तेच केलं होतं. नंतर कळलं की ह्या ‘उपलब्ध नाही’च्या पोटात दोन एकदम वेगळ्या गोष्टी लपवता येतात, एक म्हणजे कागद असायला पाहिजे पण सापडत नाहीये, म्हणजे गहाळ, आणि दुसरी म्हणजे कागदाची मुदत संपली आणि ऑफिसने तो रीतसर नष्ट केला. आपल्याला दोन्हीत कागद मिळत नाही म्हणून दोन्ही सारखंच वाटतं, पण पुढे काय करायचं ते दोन्हीत पूर्ण वेगळं आहे.

आधी मामांचं सांगतो. मामांची द्राक्षबाग आहे, नाशिक जिल्ह्यातच, तालुका आणि ऑफिस लिहीत नाही कारण अजून एक काम तिथेच अडकलंय. १९९१ ला मोजणी झाली होती, तेव्हाची क प्रत (मोजणीच्या नकाशाची नक्कल) घरातल्या ट्रंकेत होती ती वाळवीने खाल्ली. आता शेजारी दरवर्षी नांगरताना बांध हातभर इकडे सरकवतो, म्हणून जुनी मोजणी पाहिजे होती. साध्या नकलेच्या अर्जाला उत्तरच नाही, मग जोडपत्र अ, म्हणजे माहिती अधिकाराचा ठरलेला अर्ज, भरला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला (मुद्रांक छापणारी प्रेस आपल्याच नाशिकरोडला, तरी एक स्टॅम्प मिळवायला सीबीएस बसस्टँडला अर्धा तास उन्हात उभं राहावं लागतं, असो), आणि उत्तर आलं, उपलब्ध नाही.

मग पहिलं अपील केलं, ते माहिती अधिकाऱ्यांच्या वरच्या साहेबांकडे, म्हणजे अपिलीय अधिकाऱ्यांकडे जातं. त्याच्या सुनावणीला मामा स्वतः आले. माहिती अधिकारी म्हणाले, "साहेब, फार जुनं रेकॉर्ड आहे, नष्ट झालं असेल." मामा मागच्या खुर्चीवरून म्हणाले, "साहेब, झालंय का आसंल?"

अपिलीय अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. अख्ख्या सुनावणीत कामाचं वाक्य हेच एक होतं, मी दोन पानं टाईप करून नेली होती ती कोणी उघडली पण नाही.

आता नष्ट करणं म्हणजे काय ते बघा. सरकारी ऑफिसमधला कागद कोणाच्या मनात आलं म्हणून रद्दीत जात नाही, निदान जायला नको. प्रत्येक विभागाची वर्गवारी असते, अ वर्ग म्हणजे कायम ठेवायचं, ब म्हणजे तीस वर्षं, क मध्ये दहा आणि पाच वर्षं असे पोटभेद, आणि ड म्हणजे एक वर्षात मोकळं. फाईल बंद झाली की तिच्यावर वर्ग टाकायचा, मुदत भरली की यादी करायची, वरिष्ठांची मंजुरी घ्यायची आणि मग नष्ट. ह्याला ऑफिसात शब्द आहे निंदणीकरण. मामांना हा शब्द सांगितला तर ते हसायलाच लागले, म्हणे निंदणीत तण उपटतात, ह्यांनी पीकच उपटलेलं दिसतंय.

मुद्दा असा की निंदणी झाली असेल तर तिचा माग कागदावर राहतो. कोणती फाईल, कोणत्या वर्गातली, कोणत्या तारखेला, कोणाच्या मंजुरीने. म्हणजे फाईल नसली तरी फाईल नसल्याचा कागद असलाच पाहिजे, आणि तो कागद ही पण माहितीच आहे, तो मागता येतो. यादी दाखवली, तारीख जुळली, वर्ग बरोबर निघाला, तर विषय संपला, मग उगाच दुसऱ्या अपिलाचे वीस रुपये आणि दोन वर्षं घालवू नका असं माझं स्पष्ट मत आहे. लोकांना हे आवडत नाही पण रीतसर नष्ट केलेला कागद राज्य माहिती आयोग (दुसरं अपील तिथे जातं) कुठून आणून देणार.

इथे आपल्या नाशिककरांसाठी एक गंमत. कुंभमेळा येतो बारा वर्षांनी, २००३, २०१५, आणि आता २०२७, आणि दहा वर्षांच्या वर्गातली फाईल तोपर्यंत कधीच बाद होऊन जाते. त्यामुळे मागच्या सिंहस्थातलं काही पाहिजे असेल तर ते कुठल्या वर्गात टाकलंय हे आधी विचारा, कागद नंतर मागा.

गहाळचं सगळं उलटं आहे. तिथे कागद नाही, आणि नसल्याचा कागद पण नाही, फक्त एका माणसाचं म्हणणं आहे की आम्ही शोधलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, माहिती अधिकार कायद्यात माहिती नाकारायची जी कारणं दिलीत, कलम ८ मधली, देशाची सुरक्षा, व्यापारी गुपित, चालू तपास वगैरे, त्यात ‘सापडत नाही’ हे कारण कुठेच नाही. दिल्ली हायकोर्टाने सप्टेंबर २०१३ मध्ये विश्वास भांबुरकर प्रकरणात हेच धरलं, की जी माहिती कधीतरी ऑफिसकडे होती ती आता मिळत नाही एवढं म्हणून सुटता येणार नाही, नीट शोध घ्यायला पाहिजे आणि तरी नाही सापडली तर चौकशी करून जबाबदारी कोणाची ते ठरवायला पाहिजे. अपिलात हे एक वाक्य टाकलं की समोरच्याचा सूर जरा बदलतो, हे मी बघितलंय.

त्यामुळे गहाळच्या केसमध्ये आपण कागदाच्या मागे लागायचं नाही, कागदाच्या वाटेच्या मागे लागायचं. शेवटी कोणाकडे होता, रेकॉर्ड रूममधून कधी बाहेर गेला, कोणाच्या सहीने गेला, परत आल्याची नोंद आहे का. माणूस निवृत्त झाला असेल तर चार्ज देताना यादी केली होती का. हे सगळं रजिस्टरमध्ये असतं, आणि रजिस्टर सहसा गहाळ होत नाही कारण ते रोज लागतं.

आता कायद्यांचा घोळ, कारण इथे फार लोक चुकतात. माहितीचा अधिकार पण २००५ चा आणि महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम पण २००५ चा. दोन्हीत कलम ८ आहे. माहिती अधिकारातलं कलम ८ म्हणजे माहिती कधी नाकारता येते, आणि अभिलेख कायद्यातलं कलम ८ म्हणजे रेकॉर्ड ठरलेल्या पद्धतीशिवाय नष्ट करायचं नाही, आणि ते मोडलं तर त्याच कायद्याच्या कलम ९ ला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. व्हॉट्सॲपवर फिरतं ना, "फाईल गहाळ म्हटलं की अधिकाऱ्याला पाच वर्षं जेल", ते ह्यावरूनच, पण ते अर्धवट आहे. ती शिक्षा बेकायदा नष्ट करण्याला आहे, गहाळ म्हटल्याबरोबर आपोआप लागत नाही, आधी चौकशीत काहीतरी निघावं लागतं. सुनावणीत उभं राहून जेलची भाषा केली की समोरचा हुशार होतो आणि मग तोंडातून एक शब्द काढत नाही.

आणि एक तिसरी जागा, तिथे आपणच फसतो. तुम्ही मागितलेला कागद मुळात कधी तयारच झाला नसेल तर तो गहाळ पण नाही आणि नष्ट पण नाही. सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये सीबीएसई आणि आदित्य बंदोपाध्याय केसमध्ये सांगितलंय की ऑफिसकडे जी माहिती आहे तीच द्यायची, नवीन तयार करून द्यायची नाही. म्हणून "गेल्या दहा वर्षांचा तक्ता करून द्या" वगैरे मागू नका.

मग अर्ज कसा लिहायचा. महाराष्ट्राच्या नियमात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत ठेवायचा असतो त्यामुळे भाषण लिहायला जागाच नाही, आणि ते बरंच आहे. मी आता ‘उपलब्ध नाही’ आलं की अपील तर टाकतोच, उत्तर मिळाल्यापासून तीस दिवसांत, वीस रुपयांचा स्टॅम्प लावून, पण त्यासोबत दुसरा छोटा अर्ज पण टाकतो, साधारण असा : "दिनांक अमुकच्या पत्रात नमूद अभिलेख नष्ट केला असल्यास त्याचा वर्ग, नष्ट केल्याचा दिनांक, मंजुरी आदेश व नष्ट केलेल्या अभिलेखांच्या यादीची प्रत द्यावी. नष्ट केला नसल्यास सदर अभिलेखाची शेवटची नोंद असलेल्या रजिस्टरच्या पानाची प्रत द्यावी." एवढंच. ह्याला ‘उपलब्ध नाही’ लिहिता येत नाही, लिहिलं तर यादी पण नाही आणि रजिस्टर पण नाही असं लेखी दिल्यासारखं होतं.

तारखा जपा. तुमचा अर्ज ज्या दिवशी ऑफिसच्या आवक टेबलावर पडला त्याचा शिक्का असलेली पोच जीव गेला तरी सोडू नका, कारण मागितलेली माहिती अर्जानंतर नष्ट केली असेल तर माहिती अधिकाराच्या कलम २० मध्ये त्याचा सरळ उल्लेख आहे, दंड दिवसाला अडीचशे आणि जास्तीत जास्त पंचवीस हजार, आणि तो अधिकाऱ्याच्या खिशातून जातो. निंदणीची तारीख अर्जाच्या आधीची की नंतरची, एवढ्या एका गोष्टीवर अख्खी केस फिरते.

पूर आणि आग ही कारणं पण येतात. आगीचं खोटंच असतं असं नाही, २१ जून २०१२ ला मंत्रालय जळलं तेव्हा खरोखर फाईली गेल्या. पण नाशिकमध्ये "पुरात गेलं" म्हटलं की मी आधी विचारतो, कोणत्या वर्षीच्या? २००८ ला आला, २०१६ ला आला, गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती किती बुडाला हे गावातल्या पोरासोराला पाठ आहे, आणि मला एकदा हे कारण दिलं ते ऑफिस गोदावरीपासून लांब आणि वरच्या मजल्यावर. पुरात रेकॉर्ड भिजलं असेल तर पंचनामा असतो, तो मागायचा.

अजून एक जुगाड, आणि हा दोन्हीत चालतो. कुठल्याही सरकारी पत्राच्या तळाशी बघा, "प्रत माहितीस्तव सविनय सादर" म्हणून दोन-तीन ऑफिसांची नावं असतात. एका ठिकाणी गहाळ झालेला किंवा नष्ट केलेला कागद दुसऱ्या ठिकाणी जिवंत असू शकतो. लोकांच्या पिशवीत संबंधित पत्रं असतात पण तळाच्या ओळी कोणी वाचत नाही.

अपिलात काही झालं नाही तर नव्वद दिवसांत दुसरं अपील, त्याला आयोगाचं नाशिक खंडपीठ आहे, मुंबईला जायला नको. फक्त ते कलम १९ खाली अपील म्हणूनच टाका, कलम १८ ची तक्रार म्हणून नाही, कारण तक्रारीत दंड होऊ शकतो पण माहिती द्या असा आदेश होत नाही, हे सुप्रीम कोर्टाने मणिपूरच्या केसमध्ये ठरवलंय. आणि नंबर लागायला वेळ लागतो, मनाची तयारी ठेवा.

तर मामांचं पुढे. "झालंय का आसंल" नंतर अपिलीय अधिकाऱ्यांनी आठ दिवस दिले आणि आम्हाला रजिस्टर बघायची परवानगी दिली. तसंही नोव्हेंबर २०१८ चा शासन निर्णय आहे, जिल्हास्तरीय ऑफिसांत आणि स्थानिक संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ लोकांना रेकॉर्ड बघू द्यायचं, पण बऱ्याच ठिकाणी कर्मचाऱ्यांनाच ते आठवण करून द्यावं लागतं. नष्ट केलेल्या रेकॉर्डची यादी आली, त्यात १९९१ ची मोजणी नव्हतीच. म्हणजे नष्ट नाही. मग बाहेर गेलेल्या फाईलींचं रजिस्टर, जाड, पाठ निघालेलं, पानांना कुबट वास. मामांना चष्म्याशिवाय वाचता येत नाही, मी वाचत होतो, ते बोटाने ओळ धरत होते. २००६ च्या पानावर सापडलं, गावाचं नाव, गट नंबर आणि पुढे निळ्या शाईत "न्या. कामी", सही, आणि परत आल्याचा रकाना कोरा. शेजारच्याच गटाच्या एका दाव्यात फाईल कोर्टात दाखवायला नेली होती, परत आणली पण आणणाऱ्याने ती दुसऱ्याच गावाच्या रुमालात (फाईली बांधायच्या कापडात) बांधून ठेवली होती, अठरा वर्षं.

शिपायाने लाकडी घोडीवर चढून तो लाल रुमाल खाली काढला तेव्हा धुळीने सगळे शिंकले. नकाशा होता, कडा पिवळ्या झालेल्या पण बांधाची रेघ स्पष्ट. माहिती अधिकारी म्हणाले, "बघा काका, मिळाली ना शेवटी." मामा काही बोलले नाहीत. नकलेचे पैसे भरले, पावती घेतली, आणि निघताना शिपायाला म्हणाले, "दादा, आता बरोबर रुमालात बांध बरं, मी थांबतो." आणि तो गाठ मारेपर्यंत खरंच थांबले.