हेबर-बॉश प्रक्रिया आणि अमोनियाची अभिक्रिया: दोन्ही एकच का?

‘हेबर प्रक्रिया स्पष्ट करा’ असा प्रश्न आला की बरेच विद्यार्थी एक ओळ लिहून मोकळे होतात: नायट्रोजनचा एक रेणू, हायड्रोजनचे तीन, मिळून अमोनियाचे दोन. बाणावर ‘लोह’ लिहिलं की झालं. ही ओळ बरोबरच आहे, पण ती अभिक्रिया झाली. प्रक्रियेला अजून हातही लागलेला नाही.

कोणते अणू कुठून कुठे गेले, उष्णता किती सुटली (इथे दोन मोल अमोनियामागे सुमारे ९२ किलोज्यूल) आणि समतोल (पुढची आणि उलटी अभिक्रिया सारख्याच वेगाने होण्याची अवस्था) कुठे येईल, एवढं अभिक्रिया सांगते. गंमत म्हणजे, नुसता समतोलाचा हिशोब मांडला तर खोलीच्या तापमानालाच अमोनिया भरपूर व्हायला हवा. प्रत्यक्षात काहीच होत नाही. नायट्रोजनच्या दोन अणूंमधला तिहेरी बंध तोडायला मोलमागे जवळपास ९४५ किलोज्यूल लागतात, त्यामुळे दोन्ही वायू एकत्र कोंडून वर्षानुवर्षं ठेवले तरी ढिम्म. तापवावं तर वेग येतो, पण अभिक्रिया उष्णता सोडणारी, म्हणून समतोल मागे सरकतो. ५०० अंश सेल्सिअसला २०० पट वातावरणदाब देऊनही मिश्रणात अमोनिया पाचव्या हिश्शाहून कमीच.

इथे उत्प्रेरकाबद्दल सर्रास घोटाळा होतो. लोहामुळे अमोनिया जास्त मिळतो, असं छापलेलंही दिसतं. समतोलाला लोह बोटसुद्धा लावत नाही. त्याच्या पृष्ठभागावर नायट्रोजनचा रेणू चिकटतो, फुटतो, मग एकेक हायड्रोजन जोडला जातो. या वाटेवर ऊर्जेचा चढ कमी, म्हणून ४०० ते ५०० अंशांतच कामापुरता वेग मिळतो. याहून जास्त तापवावं लागत नाही आणि समतोल आणखी बिघडत नाही, इतकाच त्याचा आडवळणाने होणारा फायदा.

फ्रिट्झ हेबर यांनी १९०९ मध्ये कार्ल्सरूहच्या प्रयोगशाळेत ऑस्मियम वापरून अमोनिया करून दाखवला. ऑस्मियम अतिदुर्मीळ, म्हणून बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीत आल्विन मिटाश यांनी हजारो चाचण्या घेतल्या आणि अ‍ॅल्युमिना व पोटॅश घातलेल्या लोहावर ते येऊन थांबले. हीच अभिक्रिया कारखान्यात उतरवणारे बीएएसएफचे कार्ल बॉश यांच्यापुढचं दुखणं मात्र पोलादाचं होतं. जाड पोलादी नळ्या काही दिवसांत फुटत. तापलेला, दाबाखालचा हायड्रोजन पोलादात शिरून तिथल्या कार्बनचा मिथेन करून टाकत होता. कार्बन गेला की पोलाद ठिसूळ. बॉश यांनी आतून मऊ, जवळजवळ कार्बनविरहित लोखंडाचं अस्तर घातलं, दाब पेलायला बाहेर पोलाद ठेवलं आणि त्या पोलादाला बारीक भोकं पाडली, म्हणजे अस्तरातून झिरपलेला हायड्रोजन साचून न राहता निघून जाईल. १९१३ मध्ये जर्मनीतल्या ओपाऊचा अमोनिया कारखाना उभा राहिला तो या भोकांच्या जिवावर. समीकरणात ती कुठे दाखवणार?

अलिबागजवळच्या थळसारख्या नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या खत कारखान्यात तर कन्व्हर्टर (जिथे लोहावर अमोनिया होतो ते पात्र) येईपर्यंतच निम्मी गोष्ट संपते. आधी वायूतलं गंधक काढायचं, नाहीतर उत्प्रेरक निकामी होतो. मग निकेलवर वाफेच्या मदतीने हायड्रोजन मिळवायचा, हवेतून नायट्रोजन घ्यायचा, हायड्रोजन मिळवताना झालेल्या कार्बन मोनॉक्साइडचा निकाल लावायचा, कारण तोही लोहाला मानवत नाही. एवढं करून कन्व्हर्टरच्या एका फेरीत साधारण १५ ते २० टक्के वायूचाच अमोनिया होतो. मिश्रण थंड करून तो द्रवरूपात काढून घेतात आणि उरलेला वायू परत आत पाठवतात. फिरता फिरता आर्गॉन आणि मिथेन साचत जातात, म्हणून थोडा वायू सतत बाहेर सोडावा लागतो. कारखान्यात याला ‘पर्ज’ म्हणतात. शेवटी बहुतेक सगळा हायड्रोजन कारणी लागतो, याचं श्रेय उत्प्रेरकापेक्षा या फेऱ्यांना.

फरक पक्का करायचा असेल तर अमोनिया क्रॅकर, म्हणजे अमोनिया फोडणारं यंत्र, बघा. धातूंवर उष्णतेची प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांत हायड्रोजन हवा असतो. तिथे अमोनियाच आणतात, कमी दाबाखाली ८५०-९०० अंशांच्या आसपास निकेलवरून सोडतात आणि तीन भाग हायड्रोजन, एक भाग नायट्रोजन बाहेर काढतात. समीकरण तेच, फक्त उलट्या दिशेने वाचायचं. तापमान, दाब, उत्प्रेरक, यंत्र, सगळंच वेगळं, आणि त्याला कोणी हेबर-बॉश म्हणत नाही.