पॉवर सप्लाय ‘टिक टिक’ करतो तेव्हा: आतल्या कंट्रोल आयसीविषयी ग्राहकांसाठी माहिती

आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या २४ व्होल्टच्या एसएमपीएसवर (मेन्सच्या एसीचे डीसी करून देणाऱ्या स्विचिंग पॉवर सप्लायवर) बरेचदा एकच चिठ्ठी चिकटवलेली असते: “टिक टिक आवाज येतो, आउटपुट नाही.” त्यातली कितीतरी युनिट्स टेबलावर लोडशिवाय, म्हणजे आउटपुटला काहीही न जोडता, चालू केली की व्यवस्थित २४ व्होल्ट देतात. बिघाड मशीनच्या वायरिंगमध्ये असतो आणि पॅनेलमधून सुटून येतो तो पॉवर सप्लाय. तुमचा तो खोळंबा टळावा, म्हणून हे पत्रक.

आत काय चालते

२३० व्होल्ट एसीचे आधी साधारण ३२५ व्होल्ट डीसी होते. ते ट्रान्सफॉर्मरला देण्यासाठी मोसफेट (स्विचसारखा चालणारा ट्रान्झिस्टर) सेकंदाला सुमारे ६५ हजार वेळा चालू-बंद होतो. दर वेळी तो किती काळ चालू ठेवायचा, हे कंट्रोल आयसी (नियंत्रण करणारी चिप) ठरवतो. आम्ही यूसी ३८४२ वापरतो. आठ पायांचा हा आयसी १९८० च्या दशकातला आहे. त्यानंतर पुष्कळ नवे आयसी आले, पण दुरुस्तीच्या वेळी जो सहज मिळतो आणि ज्याची मेकॅनिकला सवय आहे, तोच वापरावा असे आमचे ठाम मत आहे.

या आयसीचे लक्ष दोन गोष्टींवर असते. पहिली म्हणजे मोसफेटमधून जाणारा करंट. तो एका छोट्या रेझिस्टरमधून जातो आणि त्यावर १ व्होल्ट तयार झाला की आयसी त्याच क्षणी मोसफेट बंद करतो. रेझिस्टर ०.५ ओहमचा असेल तर ही मर्यादा २ अँपिअर होते. दुसरी गोष्ट म्हणजे आउटपुटचे व्होल्टेज. तिथे टीएल ४३१ हा व्होल्टेज ताडून पाहणारा छोटा आयसी बसवलेला असतो. आउटपुटचा ठरावीक हिस्सा तो स्वतःच्या २.५ व्होल्टशी ताडून पाहतो. फरक पडला की ऑप्टोकपलर हा भाग तो प्रकाशाच्या रूपात मेन्सच्या बाजूला कळवतो, त्यामुळे दोन्ही बाजूंचा विजेचा थेट संबंध येत नाही.

शेजारी वेल्डिंग सुरू झाले आणि लाइन १७० व्होल्टवर आली, तर मोसफेटमधला करंट सावकाश चढतो, म्हणून तो आपोआप जास्त वेळ चालू राहतो. हा बदल मोसफेटच्या त्याच चालू-बंद फेरीत होतो. आउटपुट घसरेपर्यंत थांबावे लागत नाही.

टिक टिक कशामुळे

३८४२ सुरू व्हायला साधारण १६ व्होल्ट लागतात, आणि १० च्या खाली गेले की तो बंद पडतो. सुरुवातीला एक छोटा कॅपॅसिटर मेन्सच्या बाजूने मोठ्या रेझिस्टरमधून हळूहळू भरतो. १६ व्होल्ट झाले की आयसी सुरू होतो आणि पुढे ट्रान्सफॉर्मरच्या वेगळ्या वाइंडिंगवर चालतो. आउटपुट शॉर्ट असेल तर या वाइंडिंगलाही व्होल्टेज येत नाही. आयसी बंद पडतो, कॅपॅसिटर पुन्हा भरतो, पुन्हा प्रयत्न होतो. अशा प्रत्येक प्रयत्नाची एक ‘टिक’ ऐकू येते. मोसफेट जळू नये म्हणूनच ही रचना आहे.

तेव्हा आधी मेन्स बंद करा, आउटपुटच्या वायरी सोडा आणि युनिट पुन्हा चालू करा. २४ व्होल्ट आले तर सोलेनॉइड व्हॉल्व्ह, प्रॉक्सिमिटी सेन्सर आणि ड्रॅग चेनमधल्या (मशीनबरोबर हलणाऱ्या साखळीतल्या) केबल एकेक करून तपासा. दोष तिथेच सापडतो. लोड काढूनही टिक टिक राहिली तर आउटपुटचा डायोड शॉर्ट असेल, किंवा आयसीचा तो छोटा कॅपॅसिटर सुकला असेल.

सुकलेला कॅपॅसिटर फसवतो. युनिट वर्षानुवर्षे अखंड चालते आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर स्विच दाबला की सुरूच होत नाही, कारण चालू राहण्यापेक्षा सुरू होतानाच या कॅपॅसिटरवर जास्त भार पडतो. उष्णतेने इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचे आयुष्य घटते, तापमान १० अंशांनी वाढले की ते साधारण निम्मे होते. पॅनेलचा पंखा आणि फिल्टर साफ ठेवा, एवढीच आमची कळकळीची विनंती.

‘डीसी ओके’ रिले जोडून घ्या

आउटपुटची खबर कंट्रोल आयसीला देणारा फीडबॅकचाच दोर तुटला, समजा ऑप्टोकपलर खराब झाला, तर आउटपुट वर चढू शकते आणि कंट्रोल आयसीला ते कळतही नाही. म्हणून आउटपुटवर नजर ठेवणारे सर्किट आम्ही वेगळे ठेवतो. ज्याने व्होल्टेज नियंत्रित करायचे त्यानेच ते तपासायचे, ही रचना आम्हाला पटत नाही. पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) साधारणपणे २०.४ ते २८.८ व्होल्टवर चालावा अशी अपेक्षा असते. आउटपुट या पट्ट्याबाहेर जायच्या आत या वेगळ्या सर्किटचा ‘डीसी ओके’ रिले (विजेवर चालणारा स्विच) सुटतो. त्याचा संपर्क पीएलसीच्या इनपुटला जोडा, म्हणजे बिघाडाची वेळ नोंदवली जाईल. बहुतेक पॅनेलमध्ये या रिलेची दोन टर्मिनले रिकामीच दिसतात.

आयसी बदलताना

दुकानदार ३८४२ ऐवजी ३८४३ देईल आणि पाय तेच आहेत म्हणेल. पाय खरोखर तेच आहेत, पण ३८४३ साधारण ८.४ व्होल्टला सुरू होतो आणि ७.६ पर्यंत चालत राहतो. इतक्या कमी व्होल्टेजवर मोसफेट पूर्ण चालू होत नाही, तापतो आणि काही दिवसांनी फुटतो. पूर्ण नंबर वाचून घ्या.

मेन्स बंद केल्यावरही मोठ्या कॅपॅसिटरवर ३२५ व्होल्टपर्यंत चार्ज राहू शकतो. पाच मिनिटे थांबा, मीटरने मोजा, मगच आत हात घाला.

युनिट आमच्याकडे पाठवताना लोड काढल्यावर टिक टिक थांबते की नाही, हे चिठ्ठीवर अवश्य लिहा.