बेंचमार्कमधले मेगाहर्ट्झ: कोणाच्या सेकंदात मोजलेले?

४८६ प्रोसेसरच्या जमान्यात संगणकाच्या कॅबिनेटच्या दर्शनी भागावर ६६ किंवा १०० असा मेगाहर्ट्झचा, म्हणजे प्रोसेसर सेकंदाला किती दशलक्ष ठोके देतो त्याचा, आकडा झळकायचा. तो काहीही मोजत नसे. मशीन जोडणाऱ्याने जंपर (पिना जोडणारी छोटी टोपी) लावून जो ठरवला, तो आकडा दिसायचा. फसवणूक म्हणाल तर तीही सरळसोट.

खरे मोजमाप सुरू झाले ते १९९३ च्या पेंटियममधल्या टाइम स्टॅम्प काउंटरमुळे. प्रोसेसरच्या दर ठोक्याला हा काउंटर एकाने पुढे सरके. मदरबोर्डवरच्या टायमरने ठरावीक अवधी पकडायचा आणि तेवढ्यात काउंटर किती सरकला ते पाहायचे. म्हणजे एका घड्याळाचे ठोके दुसऱ्या घड्याळाने मोजायचे.

पुढे वीजबचत आली. २.४ गिगाहर्ट्झचा कोअर २ ड्युओ ई६६०० रिकामा बसला की १.६ दाखवी, कारण २६६ ला ९ ऐवजी ६ ने गुणले जाई. २००८ अखेरीस कोअर आय७-९२० टर्बो, म्हणजे गरजेला आपोआप वेग वाढवण्याची सोय, घेऊन आला, तेव्हा २.६६ च्या वरही आकडे दिसू लागले. तोवर टाइम स्टॅम्प काउंटर एकाच स्थिर गतीने चालू लागला होता, त्यामुळे जुन्या रीतीने मोजले तर प्रोसेसर झोपलेला असो वा धावत असो, उत्तर एकच येई. शब्दांचा घोळ वेगळाच: ‘बेस क्लॉक’ म्हणजे बॉक्सवर छापलेला वेगही आणि ज्याला गुणून वेग निघतो ते मूळ घड्याळही (नंतरच्या प्रोसेसरांत १०० मेगाहर्ट्झ). इथून पुढे अर्थ दुसरा.

या सगळ्याचा कडेलोट ऑगस्ट २०१३ मध्ये झाला. ओव्हरक्लॉकिंगचे, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवण्याचे, विक्रम नोंदवणाऱ्या संस्थेने विंडोज ८ वरचे बेंचमार्कचे (वेग जोखणाऱ्या चाचण्यांचे) निकाल घेणे बंद केले. मशीन १३० च्या बेस क्लॉकवर सुरू करून विंडोजमधून तो १२२ वर आणला, तर विंडोजचे घड्याळही तितकेच मागे पडे: पाच मिनिटांत सुमारे १८ सेकंद. प्रोसेसर सहा टक्के मंद, पण सेकंदही सहा टक्के लांब, म्हणून गुण होते तेवढेच. वर गुणक वाढवून वेग भरून काढला की निकाल आयता फुगलेला. विंडोज ८ मशीन सुरू होताना एकदा जुळणी करून पुढे वेळेसाठी टाइम स्टॅम्प काउंटरवरच विसंबत होते, आणि त्या काउंटरची स्थिर गतीही बेस क्लॉकवरच बेतलेली. वीस वर्षांपूर्वी जो मोजला जात होता, तोच आता मोजपट्टी झाला होता.

दोष सगळ्या प्लॅटफॉर्मवर नसताना सरसकट बंदी कशाला, अशी ओरड झाली. प्रामाणिक स्पर्धकही त्यात भरडले गेले हे खरेच. पण स्क्रीनशॉटवरून खरा सेकंद आणि लांबलेला सेकंद वेगळे ओळखणार कसे? माझ्या मते दुसरा मार्ग नव्हता. नंतर काही चाचण्यांपुरती सूट मिळाली.

यावरचा उतारा म्हणजे एचपीईटी हा स्वतंत्र टायमर सक्तीने चालू ठेवणे. तोही फुकटचा नव्हता. एप्रिल २०१८ मध्ये एका नामांकित परीक्षकाचे गेमिंगचे आकडे इतरांशी जुळेनात. त्याने ओव्हरक्लॉकिंगच्या दिवसांतली ही सक्ती तशीच ठेवली होती आणि हा टायमर वारंवार वाचण्यातच एका कंपनीच्या प्रोसेसरांचा वेळ जात होता. त्याला चाचण्या पुन्हा घ्याव्या लागल्या.